विश्लेषण : रात्री मलकापूर, सकाळी आरामनगर… बुलढाण्याच्या कलावंतांना मुंबई हवीशी आणि नकोशीही का वाटते?

अभिनयाला शेवटी मुंबईच गाठावी लागते, हे नाटक-सिनेमाच्या वेडाने झपाटलेल्या प्रत्येक वऱ्हाडी पोराला ठाऊक असतं. तिथे पहिली परीक्षा मात्र अभिनयाची होत नाही. मग कशाची होते? आणि मुंबईला न जाता हे काम करता येतं का?

रात्री मलकापूर किंवा शेगावला मुंबईची गाडी पकडायची. सकाळी दादरला उतरून लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने वर्सोवा आणि मग रिक्षाने किंवा पायी आरामनगर. तोंड गाडीतच धुतलेलं असतं. शर्टाची घडी मोडू नये म्हणून तो बॅगेत सगळ्यात वर ठेवलेला असतो. आरामनगरच्या जुन्या बैठ्या बंगल्यांमध्ये कास्टिंगची ऑफिसं आहेत. कॅमेऱ्यासमोर उभं राहून नाव, उंची, वय सांगायचं, डावी बाजू दाखवायची, उजवी बाजू दाखवायची आणि मग चार-सहा ओळींचा संवाद म्हणायचा. दोन-तीन मिनिटांत काम आटोपतं. कधी संवादापर्यंत वेळच येत नाही. दारातच 'नॉट फिट' हे दोन शब्द कानावर पडतात आणि माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. रात्री परतीची गाडी.

मलकापूरहून मुंबई साधारण पाचशे किलोमीटर. शेगावहून त्याहून थोडी जास्त. जिल्ह्याच्या घाटाखालच्या तालुक्यांना निदान रेल्वे आहे. घाटावरच्या मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेड राजा, देऊळगाव राजाच्या पोरांना आधी एसटी किंवा ट्रॅव्हल्स शोधावी लागते. जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरातही रेल्वे नाही.

या प्रवासाला कोणी फारसं कंटाळत नाही. तीन मिनिटांसाठी दोन रात्री घालवणं परवडतं, कारण त्या तीन मिनिटांत काहीही होऊ शकतं, अशी आशा असते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ऑडिशन आवडलं तर फोन येतो आणि तो बहुतेक वेळा 'उद्या सकाळी ९ ला सेटवर या' असाच असतो.

सगळं मुंबईतच का एकवटलं?

असं पूर्वीपासून नव्हतं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला हे खरं, पण फाळके पुढे नाशिकला गेले. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. 'प्रभात' १९२९ मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे त्या काळी नटाला कोल्हापूर, पुणे, मुंबई असे निदान तीन दरवाजे होते. व्ही. शांताराम 'प्रभात'मधून बाहेर पडले आणि १९४२ मध्ये त्यांनी परळला 'राजकमल' उभारलं. हिंदी सिनेमाचा पैसा, वितरक, लॅब, रेकॉर्डिंग स्टुडिओ सारं मुंबईत एकवटत गेलं. १९७७ मध्ये गोरेगावची चित्रनगरी आली. नंतर मालिकांचा जमाना आला आणि सेट मढ, घोडबंदर रोड, मीरा रोड, नायगावपर्यंत पसरले.

कलावंताच्या बाजूने पाहिलं तर याचा मोठा फायदा आहे. सकाळी मालिकेचं शूटिंग, मध्येच दोन तास डबिंग, संध्याकाळी दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये नाटकाचा प्रयोग, असा दिवस फक्त या शहरात शक्य आहे. जाहिरात, वेबसीरिज, ऑडिओ बुक, कॉर्पोरेट फिल्म अशी लहान-मोठी कामं जोडून महिना निघतो. मुंबई आवडण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्याचा पैशाशी फार संबंध नाही. मुंबईत 'अभिनय करतो' असं सांगितलं तर समोरचा पुढचा प्रश्न 'सध्या काय चालू आहे?' असा विचारतो. गावाकडे तोच माणूस 'ते ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय?' असं विचारतो. आपल्या कामाला कोणीतरी काम म्हणतं, ही गोष्ट लहान नाही.

मग अडतं कुठे?

मुंबईत पहिली निवड होते ती हजर असण्यावर. अभिनयाचा नंबर त्यानंतर लागतो. दैनंदिन मालिकेची कथा पुढच्या काही दिवसांपुरती लिहिलेली असते. कोणतं पात्र उद्या लागेल, हे आज संध्याकाळी ठरतं. एखादा नट आजारी पडला, तारखा जुळल्या नाहीत की तासाभरात दुसरा शोधला जातो. अशा वेळी कास्टिंगवाला आधी कोण कुठे राहतं ते पाहतो. मालाडच्या खोलीत राहणारा मध्यम नट सेटवर पोहोचतो. खामगावात बसलेला चांगला नट गाडीचं तिकीट शोधत राहतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. रोज एपिसोड द्यायचा असलेल्या कारखान्याचा हा नियम आहे.

म्हणून मुंबईत राहणं हाच कामाचा पहिला भाग होऊन बसतो आणि त्या भागाचा पगार नसतो. उलट भाडं द्यावं लागतं. त्यात टीव्ही उद्योगात कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे. कलाकारांच्या 'सिंटा' या संघटनेने, म्हणजे १९५८ पासूनच्या सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशनने, यावर वेळोवेळी आवाज उठवला आहे. बुलढाण्याच्या माणसाला हा हिशेब शेतीच्या भाषेत पटकन कळेल. जूनमध्ये पेरणीच्या वेळी केलेल्या चार दिवसांच्या कामाचे पैसे मूग-उडीद घरात येऊन पडल्यावर हातात येणार. मधल्या तीन महिन्यांत घरमालक, मेस, लोकलचा पास आणि मोबाइलचा रिचार्ज थांबत नाही. ज्याच्या घरून दर महिन्याला काही येतं तो तग धरतो. ज्याला घरीच काही पाठवावं लागतं तो दीड-दोन वर्षांत कॉल सेंटर, जिम किंवा इव्हेंट कंपनीत दिसू लागतो आणि मग सकाळी ९ च्या फोनला 'येतो' म्हणण्याची सोयच उरत नाही.

मनोज वाजपेयी यांना नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाने वारंवार नाकारलं, नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी वॉचमनची नोकरी केली, पंकज त्रिपाठी हॉटेलच्या किचनमध्ये होते, या गोष्टी रील्सवर रोज फिरतात. त्या खोट्या नाहीत. पण मुलाखत ज्याचं जमलं त्याचीच होते. तितकीच वर्षं घालवून ज्याचं जमलं नाही, त्याच्याकडे माइक जात नाही. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर नमुनाच एकतर्फी आहे.

वऱ्हाडी बोली ही ओळख की अडचण?

पैशाइतकाच हा प्रश्न टोचणारा आहे, कारण इथे अंगावरची भाषाच काढून ठेवायला सांगितलं जातं. वऱ्हाडीत 'मला' नसतं, 'मले' असतं. 'का' ऐवजी 'काऊन' येतं. 'ळ' अनेकदा 'य' होतो आणि डोळ्याचा डोया होतो. 'करतोय' ऐवजी 'करून राहिलो' म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात तर हे एकसारखंही नाही. घाटावर मराठवाड्याची छटा, मलकापूरकडे खान्देशची, शेगाव-संग्रामपूरकडे पक्की वऱ्हाडी.

ऑडिशनमधला संवाद बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातला असतो. त्यात एक 'मले' निसटला की चेहरा, भाव, टायमिंग सगळं बाजूला पडतं. मग यूट्यूबवर उच्चारांचे धडे, पेपरचं मोठ्याने वाचन, मित्रांना 'मी चुकलो की टोक' अशी विनंती. काही महिन्यांत जीभ वळते. मग सुट्टीत गावी गेल्यावर बोलणं बदललेलं पाहून लोक हसतात, ते वेगळंच.

दुसऱ्या बाजूला याच बोलीने काहींचं बस्तान बसवलं. अमरावतीचे भारत गणेशपुरे 'फू बाई फू' आणि पुढे २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मधून घराघरांत पोहोचले ते वऱ्हाडी ढंगासकट. त्यांच्यामुळे वऱ्हाडी टीव्हीवर ऐकू येऊ लागली, हे मोठंच काम झालं. पण त्यातून कास्टिंगवाल्यांची एक समजूतही घट्ट झाली की वऱ्हाडी म्हणजे विनोद. विनोद नसेल तर कर्जबाजारी शेतकरी. वऱ्हाडी बोलणारा डॉक्टर, वऱ्हाडीत प्रेम करणारी नायिका, वऱ्हाडीत भांडणारी कॉलेजची मुलगी मालिकांमध्ये क्वचितच दिसते. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात घडणाऱ्या २००९ च्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्येही मुख्य भूमिकांत गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी होते. दोघांची कामं उत्तमच होती. तरी आपल्या मातीचं दुःखसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, ही रुखरुख इथल्या नटाला लागली तर ती समजण्यासारखी आहे.

गायकांचं थोडं बरं असतं. हिंगणघाटच्या वैशाली माडे २००९ मध्ये हिंदी 'सा रे ग म प' जिंकल्या आणि २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'तल्या 'पिंगा' गाण्यात त्यांचा आवाज देशभर पोहोचला. सुराला गाव विचारत नाहीत.

गोष्टी गेल्या, माणसांचं काय?

बुलढाण्याच्या गोष्टी मुंबईला वर्ज्य नाहीत. सिंदखेड राजा हे जिजाऊंचं जन्मगाव. त्यांच्यावरची 'स्वराज्यजननी जिजामाता' मालिका २०१९ मध्ये सोनी मराठीवर सुरू झाली. शेगावच्या गजानन महाराजांवरची 'संत गजानन शेगावीचे' २०२१ मध्ये सन मराठीवर आली. गावोगावी या मालिका भक्तिभावाने पाहिल्या गेल्या. गोष्टीला प्रवास सोपा असतो.

याचं जुनं उदाहरण मेहकरला आहे. कवी ना. घ. देशपांडे यांनी मेहकरला वकिली केली आणि आयुष्य तिथेच काढलं. त्यांची 'शीळ' ही कविता नागपूरकडचे गायक जी. एन. जोशी यांनी गायली, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात तिला पहिलेपणाचा मान मिळाला. जोशी पुढे मुंबईत एचएमव्हीमध्ये गेले. देशपांडे मेहकरलाच राहिले आणि १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना तिथे राहूनच मिळाला. कवीचे शब्द पाकिटात घालून पाठवता येतात. गाणाऱ्याला आणि नटाला स्वतः जावं लागतं.

एकट्याने जावं की टोळीने?

बुलढाण्याहून मुंबईच्या वाटेवर छत्रपती संभाजीनगर लागतं आणि तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग अनेकांचा पहिला थांबा असतो. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चे लक्ष्मण देशपांडे याच विभागात शिकवत. (नावातलं वऱ्हाड लग्नाचं आहे, आपलं नव्हे. हा घोटाळा बाहेरचे अजून करतात.) मकरंद अनासपुरे इथूनच पुढे गेले.

त्याच शहरातल्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची गोष्ट मात्र इथल्या पोरांनी खास लक्षात ठेवावी अशी. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, लेखक प्रशांत दळवी, अभिनेत्री प्रतीक्षा लोणकर आणि त्यांचे सोबती १९८० च्या दशकात गट म्हणून मुंबईला आले. १९९१ च्या 'चारचौघी'ने त्यांचं नाव सर्वतोमुखी केलं. लेखक आपला, दिग्दर्शक आपला, नट आपले, त्यामुळे कोणाच्या दारात 'नॉट फिट' ऐकत बसण्याची गरज कमी झाली. खोलीचं भाडं वाटलं जातं, एकाला काम मिळालं तर दुसऱ्याचं जेवण सुटतं आणि नकार आलेल्या रात्री बोलायला आपल्या बोलीतलं माणूस शेजारी असतं. मुंबईत परतीचं तिकीट काढायला लावणारं कारण अनेकदा पैसा नसतो, हे एकटेपण असतं.

मुंबईशिवाय जमतं का?

जमतं आणि ते विदर्भातच जमतं. फक्त दुसऱ्या टोकाला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर सुरू होते आणि होळीच्या सुमारापर्यंत चालते. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचं बुकिंगचं गाव. मंडई, शंकरपट अशा निमित्ताने गावात नाटक ठरतं. तिकीट काढून हजारो लोक थंडीत रात्रभर बसतात. नटाला नाइटचे पैसे मिळतात. गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० वेगवेगळ्या भूमिका, अशी त्यांची नोंद आहे. गंमत म्हणजे इथे मुंबईचे टीव्हीवरचे चेहरे पाहुणे म्हणून बोलावले जातात. जून २०२२ मध्ये आलेला तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' याच जगावर आहे.

झाडीपट्टीतही सगळं गोड नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा, रोज रात्रीचं जागरण, गाडीतला प्रवास आणि उन्हाळ्यात पुन्हा शेती किंवा मजुरी. पण तिथल्या नटाला आपला प्रेक्षक कुठे बसला आहे हे माहीत असतं. पश्चिम विदर्भाकडे अशी तिकीट काढून नाटक पाहणारी, दरवर्षी हमखास परतणारी व्यवस्था नाही. बुलढाणा जिल्ह्यात कलावंत कमी नाहीत. कीर्तनकार आहेत, भारूड करणारे, शाहीर, ऑर्केस्ट्राचे गायक, भजनी मंडळं आहेत. खामगावला कोजागिरीपासून मोठ्या देवीचा शांती उत्सव भरतो, गणेशोत्सव आणि शिवजयंतीला कार्यक्रम असतात, बुलढाण्यात गर्दे वाचनालयाचं सभागृह आहे. पण ही कामं वर्षभर पसरलेली, सुट्टी सुट्टी आहेत. बरीचशी वर्गणीवर चालतात आणि वर्गणीतला कलावंताचा वाटा मंडप, डीजे आणि लायटिंगनंतर येतो. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकारचं महिन्याला ५,००० रुपये मानधन आहे, पण त्यासाठी वयाची पन्नाशी गाठावी लागते. पंचविशीतल्या पोराला त्याचा काय उपयोग?

शूटिंग गावाकडे आलं तर चित्र बदलतं, हे सातारा आणि कोल्हापूरने दाखवलं. 'तुझ्यात जीव रंगला' आणि 'लागिरं झालं जी' या मालिका तिकडे चित्रित झाल्या आणि आसपासच्या नाटकवाल्या पोरांना घरचं जेवून सेटवर जाता आलं. २०२२ च्या 'झुंड'मध्ये नागराज मंजुळे यांनी नागपूरच्या वस्त्यांमधली मुलं घेतली. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे मुंबईतलं शूटिंग थांबलं तेव्हा अनेक मालिका गोवा, गुजरात, हैदराबादला हलल्या. म्हणजे मुंबईबाहेर मालिका बनू शकते, हे सिद्ध झालं. निर्बंध उठताच बहुतेक मंडळी परतली, हेही तितकंच खरं. रामटेकजवळ चित्रनगरी उभारण्याची सरकारी घोषणा झाली आहे. तिथे नुसत्या भिंती उभ्या राहतात की काम येतं, ते पुढे दिसेल.

मोबाइल आणि 'समृद्धी'ने काय बदललं?

पहिली पायरी बदलली. कोविडनंतर घरूनच मोबाइलवर सेल्फ टेप पाठवण्याची पद्धत रुळली. मागे कोरी भिंत, खिडकीचा उजेड, मोबाइल आडवा, समोरचे संवाद वाचायला बहीण किंवा मित्र. दोन रात्रींचा प्रवास वाचला. मात्र सोपं झालं ते सगळ्यांसाठीच, त्यामुळे एका भूमिकेसाठी येणाऱ्या टेपांचा ढीगही वाढला. शॉर्टलिस्ट झाल्यावर लूक टेस्टला जावंच लागतं आणि 'उद्या सकाळी ९' तिथेच उभं असतं.

समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा भागातून जातो आणि जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला. घाटावरच्या तालुक्यांना मुंबई प्रथमच खऱ्या अर्थाने जवळ आली. स्वतःची गाडी असेल तर, हे सांगायला नको.

फसवणूकही मोबाइलवरूनच घरपोच येऊ लागली. 'तुमची निवड झाली, आता रजिस्ट्रेशनचे पैसे भरा', 'कार्ड काढून देतो', 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करावा लागेल' असे मेसेज आले तर तिथेच थांबावं. खरा कास्टिंग डायरेक्टर ऑडिशनचे किंवा कामाचे पैसे मागत नाही. त्याचं मानधन निर्माता देतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. मुलींना हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री उशिरा 'मीटिंग'ला बोलावलं तर जाऊ नये. ऑडिशन दिवसा आणि ऑफिसात होतं.

परत आलेले काय करतात?

डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं सुरू होतात. तेव्हा नाच आणि नाटुकली बसवून देणाऱ्यांना मागणी येते. त्यांत मुंबईत काही वर्षं काढून आलेलेही असतात. उभं कसं राहायचं, कॅमेरा कुठे आहे हे न बघता तो कसा ओळखायचा, वाक्य कुठे तोडायचं, हे ते पोरांना शिकवतात. कोणी राज्य नाट्य स्पर्धेसाठी संघ जमवतो. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत नोकरी सांभाळून, सुट्ट्या टाकून लोक उतरतात. कोणी वऱ्हाडीत रील्स आणि यूट्यूबचे छोटे भाग करतो. तिथे 'मले' म्हटलं म्हणून कोणी कट म्हणत नाही.

त्यांच्याकडे शिकणाऱ्यांपैकी एखादी पोरगी बरं काम करते. मग आई-वडील भीत भीत विचारतात की हिला मुंबईला पाठवावं का? बरेच जण सरळ हो किंवा नाही म्हणत नाहीत. आधी विचारतात, तिकडे राहायला कोण आहे?